मचूळ पाण्याची बीअर : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जून २०२४

३ फेब्रुवारी, छत्रपती संभाजीनगर

आजपासून वही घातली. आमच्या बीअर-पबच्या मालकाचा, म्हणजे शेठचा हुकूम : "जे काय करशील ते लिहून ठेव. 'डोक्यात आहे' हे आता चालणार नाही." दिवाळीत एक एल (उबेत आंबवलेली बीअर) फार सुरेख जमली होती आणि तिचं माप कुठेच लिहिलेलं नव्हतं. परत तशी झाली नाही. त्याचा राग अजून आहे, आणि तो रास्त आहे.

काम असं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना 'अस्सल युरोपची' बीअर हवी आहे. महिनाभर काउंटरपाशी फळा टांगला होता, पुढे काय बनवू ते लिहा म्हणून. बावीस जणांनी लिहिलं. पिल्सनर ११, जर्मन गव्हाची म्हणजे हेफेवायझन ५, 'बेल्जियन काहीतरी' ३, कोल्श १, 'स्ट्राँग' १ आणि 'दाल तडका' १.

पिल्सनरचं नवल नाही. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. तिथली मंडळी ट्रेनिंगला चेकियात जाऊन येतात, तिकडे अर्धा लिटरचे मग रिचवतात आणि परत आल्यावर इथल्या प्रत्येक ग्लासाला नाक मुरडतात. खरं तर या शहराभोवतीच्या एमआयडीसीतून बीअरच्या गाड्याच्या गाड्या बाहेर जातात. बीअरच्या गावात राहून बीअरची उपासमार, असं काहीसं आहे.

कोल्श लिहिणाऱ्याला सांगावं लागेल की आपण ती बनवली तरी त्या नावाने विकणं बरं नाही. कोलोनच्या ब्रूअरींनी १९८६ मध्ये आपसात करार केला, पुढे युरोपीय संघानेही त्या नावाला संरक्षण दिलं. आपल्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तसंच.

ठरलं : पिल्सनर, बेल्जियन वीट (गव्हाची पांढरी बीअर), हेफेवायझन. प्रत्येकी एक घाणा, ५०० लिटरचा. (बॅचला आमच्याकडे घाणाच म्हणतात. माझे मदतनीस मामा पूर्वी गुऱ्हाळावर होते, त्यांनी तो शब्द आणला आणि तो टिकला.)

८ फेब्रुवारी

पाण्याचे रिपोर्ट आले. नळाचं, म्हणजे जायकवाडीचं : टीडीएस (विरघळलेले क्षार) ३१०, अल्कलिनिटी (आंबटपणा मारायची ताकद) १६०. टँकरचं, म्हणजे बोअरचं : टीडीएस ८१०, अल्कलिनिटी ३४५. आमच्या भागात नळ आठवड्याने येतो, तेव्हा खरा हिशेब टँकरचाच धरायचा. शहराचं नाव बदललं, पाण्याची पाळी तीच.

हे आकडे बघायला रिपोर्ट लागतो असंही नाही. चहावर येणारी साय, न शिजणारी तूरडाळ, गीझरच्या रॉडवरचा पांढरा थर, हे बघितलं की कळतं. काळ्या दगडातून झिरपलेलं पाणी आहे, वाटेत चुना-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. लोक मचूळ म्हणतात, बरोबर म्हणतात.

उलट प्लझेनचं पाणी जवळजवळ पावसाचं. कॅल्शियम लिटरमागे जेमतेम १० मिलीग्रॅमच्या घरात. म्हणून तिथे फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि भरपूर हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) घालूनही कडूपणा घशाला ओरखडत नाही. म्युनिकचं पाणी आपल्यासारखं जड. तिथे पूर्वी फिकट बीअर जमायचीच नाही; भाजलेल्या गडद माल्टचा आंबटपणा त्या पाण्याला तोलून धरायचा, म्हणून डुंकेल ही गडद बीअर. डब्लिनला काळी स्टाउट, त्याच कारणाने. परभणीच्या फूड टेक्नॉलॉजी कॉलेजात हे सगळं परीक्षेपुरतं वाचलं होतं. आज टँकरच्या रिपोर्टाशेजारी प्लझेनचे आकडे मांडले आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. गिऱ्हाइकांनी आपल्या पाण्याला सगळ्यात न मानवणारी बीअर बहुमताने निवडली आहे.

उपाय एकच, आरओ. आमच्या यंत्रात एक लिटर गोड पाण्यामागे एक लिटर फेकावं लागतं. शेठला सांगितलं. तो आधी काही बोलला नाही, मग म्हणाला, "२०१६ आठवतंय ना?" आठवतंय. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने इथल्या बीअर-मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यावर आणायला आणि नंतर साठ टक्के तोडायला सांगितलं. तेव्हा आमचं हे ठिकाण नव्हतं, पण शेठचा चुलतभाऊ अशाच एका कारखान्याला मालवाहतूक पुरवायचा, त्याच्या गाड्या उभ्या राहिल्या होत्या. यंदाही मागचा पावसाळा बेताचाच झालाय.

ठरलं : आरओचं फेकलेलं पाणी टाकीत साठवायचं, फरशी आणि केग (बीअरची पिंपं) बाहेरून धुवायला वापरायचं.

१७ फेब्रुवारी : पिल्सनर

पहाटे पाचला सुरुवात. ९५ किलो पिल्सनर माल्ट, बाहेरून मागवलेलं. झाटेक भागातले साझ हॉप्स, तीन हप्त्यांत. पाणी पूर्ण आरओचं, त्यात चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड.

डिकॉक्शनही केलं. म्हणजे मॅशचा (गरम पाण्यात कालवलेल्या माल्टच्या भरड्याचा) एक भाग काढून वेगळा उकळायचा आणि परत मूळ मॅशमध्ये ओतून तापमान चढवायचं. आजच्या माल्टला याची गरज नसते, कष्ट दुप्पट, तरी केलं. 'अस्सल' म्हणतात तर होऊन जाऊ दे. मामांना हा प्रकार आवडला. "काकवीचा पाक तोडल्यासारखं करायलाव की दादा," म्हणाले. वासही तसाच होता, भाजलेल्या साखरेकडे झुकणारा.

उकळी ९० मिनिटं. कमी उकळलं तर या माल्टमधून उकडलेल्या मक्यासारखा वास मागे राहतो. रसातली साखर ११.८ प्लेटो, म्हणजे साधारण तेवढे टक्के. १० अंशांवर यीस्ट टाकलं. संध्याकाळी साडेसातला मोकळे.

साफसफाई करताना मामांना प्लझेनची गोष्ट सांगितली. १८३८ मध्ये गावची बीअर इतकी बिघडली की लोकांनी पिंपं आणून नगरपालिकेच्या दारात ओतली. मग सगळ्यांनी मिळून नवी ब्रूअरी काढली, बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा माणूस बोलावला, आणि ५ ऑक्टोबर १८४२ ला त्याने पहिला घाणा लावला. बव्हेरियाची थंडीत मुरवायची पद्धत, फिकट माल्ट, तिथलं मऊ पाणी, तिथलेच हॉप्स. मामा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी विचारलं, "पिंपं ओतली त्याइला पोलिसांनी धरलं नाही का?"

१८ फेब्रुवारी

चोथा न्यायला पाहुणे आले. पाहुणे म्हणजे करमाडकडचे एक शेतकरी, पाच म्हशी. माल्टचा चोथा म्हशी चवीने खातात. कडबा महाग झालाय, म्हणून एकाऐवजी दोन पोती जास्त मागत होते. दिली. जाताना टाकीकडे बघून विचारलं, एका ग्लासाला पाणी किती जातं हो तुमचं?

धुण्याधाण्यासकट लिटरमागे सात-आठ लिटर जातं. पिल्सनरला आरओमुळे त्याहून जास्त. मी "जातं थोडं" म्हणालो. ते हसले. त्यांची विहीर जानेवारीतच तळाला गेली आहे.

२ मार्च : वीट

वीट म्हणजे बेल्जियमची पांढरी, गढूळ गव्हाची बीअर. ही जवळपास मेलीच होती. होखार्डनमध्ये ती बनवणारं शेवटचं ठिकाण १९५०च्या दशकात बंद पडलं आणि १९६६ मध्ये गावातल्याच पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली. कच्चा गहू, धने, संत्र्याची साल.

या तिन्हीसाठी युरोपला जायची गरज नाही. गहू लोकवन, मोंढ्यातून. धने मोंढ्यातून. सालीला जालन्याची मोसंबी, मृग बहाराची फळं अजून येतायत. मागच्या आठवड्यात तीन तऱ्हेने करून बघितली. वाळवलेली साल : गवतासारखी. अख्खी साल उकळून : कडूजहर, तो पांढरा गर नडतो. नुसता वरचा हिरवा पापुद्रा किसून, शेवटच्या पाच मिनिटांत : हे जमलं. किसायला अडीच तास आणि मामांची दोन बोटं.

आजचा गोंधळ : कच्च्या गव्हाला टरफल नसतं. मॅशच्या टाकीत कणकेसारखा गोळा बसला आणि रस खाली उतरेचना. भाताचं तूस मिसळलं होतं पण कमी पडलं. दोन तास फावड्याने हळूहळू उकलत बसलो. पुढच्या वेळी तूस दुप्पट. ठळक लिहितो : दुप्पट.

११ मार्च

पिल्सनर चाखली. लोण्यासारखा वास होता, म्हणून दोन दिवस १६ अंशांवर चढवली, आता गेला. आजपासून खाली, १ अंशावर, मुरायला. चार आठवडे टाकी अडकली. या वेळात त्याच टाकीत एलचे दोन घाणे निघाले असते. शेठने हे स्वतःच मोजलं, मला सांगावं लागलं नाही.

बव्हेरियात उन्हाळ्यात बीअर करायलाच बंदी होती. १५५३ चा नियम : २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढंच करायची. उन्हाळ्यात केलेली नासायची, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. मग मार्चमध्ये जरा दमदार बीअर करून तळघरात, बर्फात ठेवायची, तीच मार्झेन. आमच्याकडे मार्चमध्ये दुपारी ३७ आहे आणि तळघर म्हणजे ग्लायकॉलचा चिलर, टाक्या गार ठेवणारं यंत्र. त्याचं बिल बघितलं तर १५५३ चा ड्यूक शहाणा वाटतो.

२० मार्च

वीट टॅपवर. बरी चालली आहे. एक ताई दोन घोट घेऊन म्हणाल्या, "याच्यात काहीतरी ओळखीचं आहे." मोसंबी सांगितल्यावर चेहरा पडला. "मग ही बेल्जियन कशी?"

२३ मार्च : हेफेवायझन

गव्हाचं माल्ट ५५ टक्के, बाकी बार्ली. ४४ अंशांवर वीस मिनिटं थांबलो, लवंगेच्या वासाचं बीज तिथे तयार होतं. १५१६ च्या बव्हेरियाच्या त्या गाजलेल्या कायद्यात बीअरला फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी. गहू पावासाठी राखला. पुढे राजघराण्याने गव्हाच्या बीअरचा मक्ता स्वतःकडेच ठेवला आणि चांगला पैसा केला. नियम करणारा आणि मक्ता घेणारा एकच, हे काही परकं वाटत नाही.

१७ अंशांवर यीस्ट. १९ ला धरायचं.

२५ मार्च : धुळवड

चिलर बसला. दुपारी एकला कंडेन्सरचा दाब चढून ट्रिप, परत चालू केला की दहा मिनिटांत परत ट्रिप. यीस्ट ऐन भरात. मेकॅनिक फोन उचलेना, उचलला तर मागे डीजे. "भाऊ, मी आत्ता हिरवा आहे, उद्या येतो."

हेफेवायझन संध्याकाळी २६ अंशांवर. पिल्सनर मुरायला ठेवलेली, टाकीचं इन्सुलेशन चांगलं म्हणून ४ च्या पुढे गेली नाही, तेवढं नशीब. मामांनी डोकं लावलं : घरचा जुना कूलर आणला, त्याची ओली ताटी कंडेन्सरच्या समोर बांधली, पंपाने आरओचं फेकलेलं पाणी त्यावर सोडलं. रात्री आठला चिलर सुरू राहिला. तोवर हेफेवायझनचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. टाकीच्या नळीतून येणारा वास म्हणजे अर्धापूरच्या केळ्यांची वखार.

शेठला फोनवर खरं ते सांगितलं. "ओतायची का?" "थांबा, बघू."

९ एप्रिल : पाडवा

दोन्ही टॅप उघडले. सकाळी घरी कडुलिंबाचा पाला आणि गूळ, संध्याकाळी पिल्सनर. कडूचा दिवस.

पिल्सनर चांगली झाली आहे. हे मी स्वतःबद्दल सहसा म्हणत नाही. काचेसारखी स्वच्छ, फेस टिकतो, कडूपणा येतो आणि मागे गोड धान्य ठेवून जातो. शेंद्र्याचे सहा जण ठरवून आले होते. त्यातल्या एका दादांनी पहिला घोट घेऊन डोळे मिटले, आम्ही सगळे थांबलो. "जवळ आहे," म्हणाले. मग दोन ग्लास घेतले आणि पुढचा तासभर प्लझेनच्या तळघरात कशी मिळते ते सांगितलं.

हेफेवायझन मात्र मी मान खाली घालून ओतत होतो. केळं इतकं की लवंग दिसतच नाही, मागे किंचित नेलपॉलिशचा वास. माझ्या लेखी हा घाणा नापास. टेबल सातवरून निरोप आला : "एकदम अस्सल! म्युनिकला हीच प्यायलो होतो." टेबल तीन : "शेवटी कोणीतरी खरी जर्मन बीअर केली." शेठ माझ्याकडे बघतोय, मी छताकडे.

आता कबूल करायला हवं की चूक आहे? मी एका टेबलाला सांगून बघितलं. त्यांना वाटलं विनय करतोय.

२० एप्रिल

नऊ दिवसांत हेफेवायझन संपली. ५०० लिटर. पिल्सनर अजून निम्म्याच्या वर. जे पितात ते मनापासून पितात, पण तेच दहा-बारा जण. फळ्यावर ११ मतं होती. तेवढीच गिऱ्हाइकं निघाली असं म्हणायचं. बाकीचे एक ग्लास घेतात, "छान आहे, आपली नेहमीचीच वाटते" म्हणतात आणि दुसरीकडे वळतात. सात आठवडे, डिकॉक्शन, दुप्पट पाणी, आणि "नेहमीचीच". त्यांचं चुकत नाही. जगात बाटलीतून जी फिकट लागर (थंडीत मुरवलेली बीअर) विकली जाते ती पिल्सनरचीच पातळ नात. आजी दारात आली तरी लोकांना ओळखीचाच चेहरा दिसतो.

हेफेवायझन परत हवी म्हणतायत. तशीच. म्हणजे आता मला धुळवडीचा बिघाड मोजून-मापून परत घडवावा लागेल : दुसऱ्या दिवशी २३ पर्यंत चढू द्यायची, २६ नाही. केळं राहील, नेलपॉलिश जाईल. २४ ला घाणा लावतोय.

२७ एप्रिल, परभणीहून परत

काल परभणीचं मतदान होतं, त्यासाठी गावी गेलो होतो. ऊन ४१-४२. मायने ताक दिलं : मीठ, धने-जिऱ्याची भरड, बोटभर कोथिंबीर. दुसरा तांब्या पिताना डोक्यात आलं. धने, मीठ, आंबट. ही गोझ आहे.

गोझ म्हणजे गोसलार गावची, नाव तिथल्या नदीवरून. पुढे लाइपझिगने ती आपलीशी केली. गहू आणि बार्ली, हॉप्स नावाला, जिवाणूंनी आणलेला आंबटपणा, धने आणि मीठ. त्या नदीचं पाणीच खारट होतं, त्यावरून मीठ आलं असं सांगतात. लाइपझिगमधली शेवटची गोझ १९६६ मध्ये बंद झाली, १९८०च्या दशकात एका जुन्या गोझघराच्या निमित्ताने परत आली. म्हणजे पिल्सनरइतकीच अस्सल युरोपची, उलट तिच्याहून जुनी. फळ्यावर तिला एकही मत नव्हतं.

आणि पाणी! खारट-मचूळ पाण्यासमोर ती रडत नाही. आंबटपणा अल्कलिनिटी खाऊन टाकतो. थंडीत मुरवणं नाही. जिवाणूंना ३५-३७ अंश लागतात, ते आमच्याकडे फुकट आहेत.

मायला विचारलं, धने किती घालतेस. "अंदाजानं." मग तिनेच विचारलं, तुमच्या कंपनीत धने कशाला लागायलेत? तिच्या लेखी मी 'खाण्यापिण्याच्या कंपनीत' आहे. खोटं नाही.

३० एप्रिल

३० लिटरचा चाचणी घाणा. टँकरचं पाणी आणि आरओ निम्मं निम्मं. मीठ लिटरला अडीच ग्रॅम, पुस्तकातून धरलेलं.

२ मे

चाखली. समुद्र. मूळ पाण्यातच क्षार आहेत हे विसरून वर मीठ टाकलं. मामा घोट घेऊन म्हणाले, "लोणचं चांगलं होईल." पुढे : मीठ लिटरला ०.८ ग्रॅम. धने १ ग्रॅम, तव्यावर न भाजता, फक्त भरडून.

४ ते ६ मे : गोझ, मोठा घाणा

४ मे. गव्हाचं माल्ट ५० टक्के, बार्ली ५०. तूस दुप्पट (वाचलं, लक्षात ठेवलं). रस उतरायला अडचण नाही. पंधरा मिनिटं उकळला, ३७ वर थंड केला, लॅक्टिक आम्ल घालून पीएच (जितका कमी तितकं आंबट) ४.५ वर आणला, म्हणजे नको ते जंतू फिरकत नाहीत. मग लॅक्टोबॅसिलसचं विकतचं कल्चर. मामांना एका शब्दात कळलं : विरजण लावलं. त्यांचा आग्रह होता की घरचं दही टाकू. दह्यात काय काय राहतं ते सांगितलं, तरी नाराज आहेत.

झाकण बंद, वर कार्बन डायऑक्साइडची चादर. हॉप्स अजून नाहीत, हॉप्सने विरजण मरतं.

५ मे. सकाळी पीएच ३.९, तापमान ३६.५. रात्रभर हीटर नाही, जॅकेटमध्ये वाफ नाही. बाहेर ४१ असल्यावर केटल थंड होणार कशी. थंड देशात हे करायला तिथल्या लोकांना केटल गरम ठेवायचा खटाटोप करावा लागतो. इथल्या उन्हाळ्याशी पहिल्यांदाच भांडण झालं नाही. दुपारी दोनदा लाईट गेली, काही फरक पडला नाही. पिल्सनरच्या वेळी लाईट गेली की माझा जीव जायचा.

६ मे. छत्तीस तासांनी पीएच ३.३. उकळी, थोडे हॉप्स, शेवटी धने आणि मीठ. साध्या एल यीस्टवर १९ अंशांना.

११ मे

संध्याकाळी सहापासून बंद, १३ च्या मतदानापर्यंत. नेहमीचे आज चारलाच येऊन बसले. पिल्सनरचा शेवटचा केग संपला.

१२ मे

सगळे पाइप, कपलर, नळ धुतले. गोझ हळू पण चालू आहे. आंबट रसात यीस्टला त्रास होतो, घाई करायची नाही.

२४ मे

गोझ टॅपवर. पहिल्याच संध्याकाळी सहा ग्लास परत आले. "आंबली आहे." "खराब झाली वाटतं." एकाने फारच सभ्यपणे मॅनेजरच्या कानात सांगितलं. आम्ही खुलासा करत फिरलो : जर्मनीची आहे, अशीच असते. कोणाचा विश्वास नाही. ज्यांनी बिघडलेली हेफेवायझन अस्सल म्हणून उचलून धरली, तेच हे.

२६ मे

दुपार ४२. मामांनी आपल्या मनाने एका टेबलाला सांगितलं, "मठ्ठा आहे साहेब, जरा चढणारा." टेबलाने चार मागवले, मग आणखी चार. आता पोरं सगळ्यांना हेच सांगतायत. शेठला आवडलं, मला थोडं लागलं. एक हजार वर्षांचं गाव, नदी, लाइपझिग, सगळं एका मठ्ठ्यात बुडालं.

शेंद्र्याचे दादाही आले. अर्धा ग्लास घेऊन विचार केला. "चव चांगली आहे. पण ही काही युरोपची नाही. ही तुमच्या आईची आहे."

२ जून

गोझ नवव्या दिवशी संपली. शेवटच्या तीन दिवसांत तर संध्याकाळी सातच्या आत केग रिकामे. पाण्याचा हिशेब केला : लिटरमागे साडेपाच, पिल्सनरला अकरा. जायकवाडी एकअंकी टक्क्यावर आली आहे, टँकरवाल्याने भाव वाढवला. पाहुण्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी आकडा सांगितला. म्हणाले, "म्हशीला याहून जास्त लागतं." समाधान म्हणून म्हणाले की टोमणा, कळलं नाही.

४ जून

मतमोजणी. बंद. दुसरी हेफेवायझन मेच्या दुसऱ्या आठवड्यातच संपली होती, केळं बरोबर आलं होतं, ते लिहायचं राहिलं होतं.

१२ जून

रात्री चांगला पाऊस. सकाळी बाहेर २४. चिलर शांत. मामांनी कूलरची ताटी सोडली, "वाळवून ठेवतो, पुढच्या मार्चला लागंल."

फळ्यावर गोझच्या पुढे काय लिहायचं यावर शेठशी अर्धा तास वाद. मी : 'गोझ, लाइपझिग पद्धत'. तो : 'धने-मीठ'. मॅनेजर : 'मठ्ठा बीअर'. शेवटी 'गोझ' मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक 'धने, मीठ, आंबट'. लाइपझिग पुसलं गेलं.

१८ जून

दुसऱ्या फेरीचा फळा काल उतरवला. एकूण २७ मतं. पिल्सनर ११, 'ती केळ्याची' ८, 'मठ्ठा' ६, 'स्ट्राँग' १, 'दाल तडका' १.

पिल्सनर ११. अक्षरंसुद्धा तीच.

शेठने विचारलं, करायची? आता पाऊस आहे, नोव्हेंबरपर्यंत नळाची पाळीही जरा सुधारते, आणि थंडीत चिलरवर ताण नाही. माल्ट यायला सहा आठवडे लागतात. सप्टेंबरच्या शेवटी लावली तर नोव्हेंबरच्या मध्यावर टॅपवर. साझ हॉप्स आणि ९५ किलो माल्टची ऑर्डर आज टाकली. या वेळी डिकॉक्शन करणार नाही, कोणाला कळत नाही. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मला कळतं की."

बघू.